जपानातला राखणदार

बाळकुमला आमच्या शेतावर जे टॉवर उभे राहिले, त्यांच्या मधोमध बिल्डरने एक बाग केलेली आहे. पाटीवर तिचं नाव इंग्रजीत आहे, ते मला वाचता येत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीच्या वर्षी बापसाने मिठागरावर नेलं, ते शाळा राहिली ती राहिलीच. लोक त्या बागेला जपानी गार्डन म्हणतात. आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, नुसतं जपान म्हणायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ताट घेऊन निघाली की शेजारणी विचारायच्या, "आजी, कुठं चाललात?"

"जपानला. जेवायला परत येते."

ह्या वर्षी श्रावणात ती गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली, पाचव्या दिवशी घरी आणली ती तशीच आणली. मी रडलो नाही. रडायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं. आलंच नाही. दहाव्याला कावळा लगेच शिवला, लोक म्हणाले, सुटली बिचारी. माझ्या मनात आलं, बरं झालं, पाऊस वाढायच्या आत घरी पोचू. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आता लिहितो आहे. पुढे दोन महिने असेच गेले. सून चहा देते, तो गरम आहे एवढं कळतं. गावातली माणसं येऊन बसतात, ती उठून गेली की कोण आलेलं ते आठवावं लागतं.

नवरात्र बसलं तेव्हा सुनेने विचारलं, "बाबा, यंदा राखणीचं काय करायचं?"

राखण म्हणजे काय ते सांगतो. आमच्या शेताच्या बांधावर एक दगड होता. तो राखणदार. भात तयार झालं की विळा लावायच्या आधी त्याला नारळ द्यायचा आणि पहिल्या लोंब्या त्याच्यापुढे ठेवायच्या. पीक उभं असताना राखण त्याने केली, तर वाटा आधी त्याचा. एक वर्ष जरी चुकलं तरी तो उठून जातो, आणि एकदा उठलेला राखणदार परत बसत नाही. माझ्या बापसाला टायफॉईड झालेला तेव्हा त्याला खाटेवर घालून बांधावर नेलेलं, पण राखण चुकवली नाही.

जमीन द्यायची वेळ आली तेव्हा भाऊबंद तयार, मुलगा तयार. मी एकटा अडून बसलेलो. पैशासाठी नाही, दगडासाठी. शेवटी बिल्डरचा माणूस घरी आला, पाटावर मांडी घालून बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काका, दगड आहे तिथंच राहील. त्याच्याभोवती बाग करू. शब्द देतो." म्हातारी आतून म्हणाली, "शब्द देतात ना, मग करा की सही." मी सही केली. अंगठा नाही लावला, सही मला येते.

मग ज्या दिवशी जेसीबी आला, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो की ह्या जागेत माझा पाय पुन्हा पडणार नाही. बारा वर्षं पडला नाही. बसस्टॉपला जायचा जवळचा रस्ता त्यांच्या भिंतीला लागून आहे. मी मागच्या गल्लीने वळसा घालून जातो, पावसातसुद्धा. गावातले हसतात, म्हातारा स्वतः जमीन देऊन स्वतःच रुसला. रुसलो तर रुसलो. तोंडातून शब्द गेलेला होता.

राखण मात्र चुकायची नव्हती, म्हणून म्हातारी जायची. परत आली की मी ओटीवर बसलेला असायचो. विचारायचो, "आहे का जागेवर?"

"हाय की. कुठं पलनार तो?"

मग ती मला खोबऱ्याचा तुकडा द्यायची. बारा वर्षं आमचं त्या विषयावर बोलणं एवढंच.

तर आता सून म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, राखण घरातल्या कर्त्या माणसाने द्यायची असते.

"मग आई देत होत्या ते?"

मी चहाची बशी तोंडाला लावली.

"त्याच कर्त्या होत्या म्हणायच्या," सून म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. जिभेची तिखट आहे, पण खोटं बोलत नाही. मुलाला विचारलं तर त्याचं घोडबंदर रोडला ऑफिस, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुट्टी नाही. म्हणाला, "बाबा, घरातच सुपारी मांडून करू की. देव सगळीकडे असतो." देव असेल सगळीकडे. राखणदार एका जागीच असतो, म्हणून तर तो राखणदार.

म्हटलं, मी जातो.

सुनेने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "पण बाबा, कुठला दगड ते तुम्हाला माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. बाहेरच्याला हे खरं वाटणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या राखणदाराला पिढ्यान्पिढ्या शेंदूर लागत आलेला. तेलात कालवून थरावर थर. जाडी चार बोटांची असेल. मी पाहिला तो शेंदराचा गोळा, माझ्या बापसानेही तोच पाहिलेला. आतला दगड काळा की तांबडा, उभा की आडवा, आमच्यातल्या कुणाच्याच नजरेला कधी पडलेला नव्हता. बाग त्यांनी गिऱ्हाइकांना दाखवायला टॉवरच्या आधीच केली. ती करताना बिल्डरच्या माणसांनी सगळे दगड मशीनच्या पाण्याने धुतले, हे म्हातारीने मला पहिल्याच वर्षी सांगितलेलं. मी म्हटलं, मग तू ओळखलास कसा? तर म्हणाली, "वलखला." मी पुढे विचारलं नाही.

डोंबिवलीला म्हातारीची धाकटी बहीण असते. ती एका वर्षी हिच्याबरोबर गेलेली. तिला फोन लावला.

"कसा होता गं तो दगड?"

"काळा होता भावोजी."

"आणि?"

"आणि काय? दगडासारखा दगड. तिथं सगळे धोंडेच धोंडे. ताई म्हणाली हा, मी हात जोडले."

"तळ्याकडे की पुलाकडे?"

"अहो मला त्या दिवशी गुडघ्याचा त्रास होता, मी माझं बघू का तुमचे धोंडे बघू? आणि देव तुमच्या घरचा, आणि पत्ता मला विचारताय?"

मी फोन ठेवला.

लोंब्या सुनेने कल्याणच्या बाजारातून आणल्या. दसऱ्याच्या तोरणासाठी विकायला येतात त्या. नारळ, हळदकुंकू, शेंदराची पुडी, सगळं तिने पिशवीत भरलं. ताट नेऊ नका म्हणाली, गेटवर हजार प्रश्न विचारतील. त्या टॉवरमध्ये आमच्या वाट्याचा एक फ्लॅट आहे, त्यात भाडेकरू राहतात. त्यांना फोन करून सुनेने गेटवर माझं नाव लिहवून ठेवलं. मी सकाळी दहाला निघालो. भिंतीकडेच्या रस्त्याने गेलो. बारा वर्षांनी गेलो तर काहीतरी वाटेल असं मला वाटलेलं. ऊन लागत होतं, बाकी काही नाही.

गेटवरचा वॉचमन म्हणाला, "बाबा, किसके यहाँ जाना है?"

"बगीचे में."

"बगीचे में कौन है?"

मी फ्लॅटचा नंबर सांगितला. त्याने मोबाईलमध्ये बघितलं, माझा फोटो काढला आणि म्हणाला, व्हिजिटर आहात, जा. आत गेलो. पायाखाली फरशी होती. बांध कुठे होता, विहीर कुठे होती, काही कळायला मार्ग नाही. सूर्य बघून दिशा धरली आणि खाडीच्या बाजूला चालत राहिलो.

बाग दिसली तेव्हा आधी मला वाटलं, ह्यांनी मीठ पसरलंय. पांढरंशुभ्र, सपाट, आणि त्यावर सरळ ओढलेल्या रेघा. मिठागरात आम्ही लांब दांड्याची फळी घेऊन मीठ कडेला ओढायचो, तेव्हा कोंडीत, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, अशाच रेघा उठायच्या. वाकून बघितलं तर बारीक खडी. मीठ ओढलं तर निदान ढीग तरी होतो. इथे नुसत्या रेघा ओढून ठेवलेल्या. मधे तळं, तांबडा लाकडी पूल, तळ्यात केशरी मासे. आणि झाडांना लाल कागदाची पानं बांधलेली, दोऱ्याने, शेकड्यांनी. चार-पाच बाया त्या पानांखाली उभ्या राहून फोटो काढत होत्या. त्यांचं बोलणं कानावर आलं त्यावरून कळलं की जपानात ह्या दिवसांत झाडं लाल होतात, आणि सोसायटीचा त्याचा सण आहे. आमच्याकडे आश्विनात झाडं हिरवी असतात आणि माणूस घामाने ओला होतो. त्या बायाही घाम पुसत होत्या.

दगड पंचवीस-तीस असतील. काही तळ्याकाठी, काही खडीत, काही बांबूखाली. मी एकेकावर हात ठेवत गेलो. वाटलं, आपला असेल तर हाताला समजेल. म्हातारीच्या हाताला समजलं तर माझ्या का नाही? शेत मी कसलं, तिने नव्हे. म्हणजे तिनेही कसलंच. पण नांगर माझा होता.

सगळे दगड उन्हाने तापलेले. एकावर हात टेकला की दुसऱ्यावर टेकायच्या आधी फुंकर मारावी लागत होती. हाताला काहीच समजलं नाही. मग बांबूच्या कडेला एक दगड बघितला, बसलेल्या बकरीएवढा, इतरांपासून जरा बाजूला. हात लावला तर तो तापलेला नव्हता. कोमट होता. आजूबाजूला कुठेतरी बासरी वाजत होती, माझा कान मंद आहे, कुठून ते कळलं नाही. मला वाटलं, हाच. सगळे तापलेत आणि हा नाही, म्हणजे ह्याच्यात काहीतरी आहे.

चपला काढल्या. शेंदराचं बोट लावलं. नारळ दोन्ही हातांनी वर घेतला आणि दगडाच्या खांद्यावर आपटला.

नारळ फुटला. दगडही फुटला.

मला आधी समजेना. दगडाला वीतभर भोक पडलेलं, आणि आत पोकळ. आत वायर होती, एक गोल डबा होता, आणि बासरी थांबून त्यातून खर्र खर्र असा आवाज यायला लागलेला. नारळाचं पाणी त्या डब्यावर सांडत होतं.

फोटो काढणाऱ्या बायांपैकी एक धावत आली. नंतर समजलं, ती सोसायटीची सेक्रेटरी. बोलणं पुण्याकडचं, स्वच्छ.

"अहो काका! हे काय केलंत? स्पीकर आहे तो!"

"मग दगडासारखा कशाला केलात?"

"बागेत शोभावा म्हणून."

"स्पीकर स्पीकरसारखा केला असता तर मी त्याच्यावर नारळ फोडला नसता."

"पण नारळ फोडायचाच कशाला इथे? कुठल्या फ्लॅटमधले तुम्ही?"

"फ्लॅटमधला नाही. मी शेतातला."

तिला ते समजलं नाही. मागून एक बाई हसली, तिला दुसरीने कोपर मारलं. सेक्रेटरी बाईंनी कपाळाला हात लावला, पण ओरडल्या नाहीत हे सांगायला पाहिजे. म्हणाल्या, "पायाला लागलं नाही ना? त्या वायरला हात लावू नका. इथेच थांबा, मी इलेक्ट्रिशियनला बोलावते." आणि फोन कानाला लावून गेल्या.

मी थांबलो. लाज वाटायला पाहिजे होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, आख्ख्या गावात ताठ मानेने फिरणारा, बायकांसमोर स्पीकरला शेंदूर फासून उभा. पण लाजही आली नाही. नारळाची दोन भकलं उचलली आणि पुसली.

तेव्हा बागेचा माळी आला. पन्नाशीचा असेल, हातात लांब दाताळं. माझ्याकडे बघितलं, लोंब्यांकडे बघितलं, आणि म्हणाला, "तुम्ही आजींचे का?"

मी हो म्हटलं.

"आजी आल्या नाहीत यंदा? मी सकाळपासून बघतोय. मी विठ्ठलवाडीहून येतो, आज मुद्दाम लवकरची गाडी धरलेली."

"श्रावणात गेली."

त्याने दाताळं खडीवर आडवं ठेवलं आणि खाली बसला. परका माणूस, पण त्याचे डोळे भरून आले. मी बघत उभा राहिलो, जसं दुसऱ्याच्या घरातलं बघावं तसं.

मग मी विचारलं, "ती कुठल्या दगडाला द्यायची?"

"दाखवतो. पण आजोबा, एक सांगू का? रागावणार नसाल तर."

"रागावायला आता काय राहिलंय."

"हे सगळे दगड ट्रकमधून आलेत. एकूण एक. मी इथं पहिल्या दिवसापासून आहे, मीच उतरवून घेतलेत. इथला जुना एकही नाही. इथलं जे होतं ते पाया खणताना मातीबरोबर गेलं."

मी म्हटलं, "तिला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी सांगितलं मी. आजींनी सगळ्या दगडांवर हात फिरवला, तुमच्यासारखाच. मग मला विचारलं, ह्यातला सगळ्यात जुना कुठला रे? मी खरं ते सांगितलं. तर तळ्याकाठी बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, 'मग तूच एक दाखव.' मी म्हटलं, आजी, मी कोण दाखवणारा? तर म्हणाल्या, 'तू रोज असतोस ना हितं? मग तुलाच ठाऊक, कोन बरा हाय तो.' मी हा दाखवला."

तळ्याच्या काठाला एक दगड होता. काळा, दगडासारखा दगड. मेहुणी खोटं बोलली नव्हती.

"हाच का?"

"ह्याच्यावर सावली असते दुपारी. आजींना बसायला बरं पडेल म्हणून."

मी त्या दगडापुढे उभा राहिलो. बारा वर्षं मी ओटीवर बसून विचारत होतो आणि ती सांगत होती. राग यावा म्हणून मी वाट बघितली. मी शब्दाचा माणूस, आणि माझ्या घरात, माझ्या तोंडावर खोटं. बिल्डरचा माणूस खोटं बोलला त्याचा मला त्या दिवशी नुसता हिशेब लागला, पण हिचं तसं नाही. तिने मला खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते तिला माहीत होतं. मी बिल्डरच्या ऑफिससमोर जाऊन बसलो असतो, जेवण टाकलं असतं, पोराच्या फ्लॅटची चावी परत दिली असती. आणि राखणदार तरीही आला नसता. म्हणून ती एकटी जात राहिली. राग आला नाही. छातीवर मिठाची पाटी ठेवल्यासारखं झालं, तेवढंच. तेही थोडा वेळ.

"करायचं का आजोबा?" माळ्याने विचारलं. "नसेल करायचं तर राहू दे. पण मी तळ्यातलं पाणी काढून ठेवलंय, आजींना पाय धुवायला लागायचं."

मी पाय धुतले. शेंदूर लावला, नारळाची भकलं ठेवली, लोंब्या ठेवल्या. आता गाऱ्हाणं घालायचं होतं. राखण मुकाट्याने देत नाहीत, ज्याची राखण करायची त्याचं नाव घेऊन सांगावं लागतं. बापूस मोठ्याने सांगायचा, बाबा राखणदारा, ह्या भाताची राखण कर, रानडुकरापासून कर, किड्यापासून कर, खाडीचं पाणी बांध फोडून आत येतं त्याच्यापासून कर. त्याच्यामागून मी वीस वर्षं हेच सांगितलं. मी तोंड उघडलं, "बाबा राखणदारा," आणि पुढचं येईना. भात नाही. गुरं नाहीत. बांध नाही. खाडी भिंतीपलीकडे गेली.

"ती काय सांगायची?" मी माळ्याला विचारलं.

"हळू बोलायच्या, मला ऐकू नाही यायचं. एकदा मोठ्याने म्हणाल्या, 'माझ्या म्हाताऱ्याचं डोकं थंड ठेव.' मला ऐकवायला म्हणाल्या असतील. मग आम्ही दोघं हसलो."

मी हसलो नाही, पण ऐकलं.

"आता मी कशाची राखण सांगू?"

माळ्याने तळ्याकडे बघितलं. तो खरोखर विचार करत होता, चेष्टा नव्हती. म्हणाला, "माशांची सांगा. एक बगळा येतो सकाळचा, रोज एक उचलतो. मी जाळी मागितली तर शोभत नाही म्हणाले. मला बोलणी बसतात."

मग मी सांगितलं, मोठ्याने, बापूस सांगायचा तसं. "बाबा राखणदारा, तू आमच्या बांधावरचा नाहीस. तू कुठून आलास ते तुला ठाऊक. पण आमच्या माणसाने बारा वर्षं तुला दिलेलं आहे आणि तू घेतलेलं आहेस. तर ह्या माशांची राखण कर. बगळ्यापासून कर. ह्या माळ्याची नोकरी आहे, तिची राखण कर. चुकलंमाकलं सांभाळून घे." लाल पानांखालच्या बाया गप्प होऊन ऐकत होत्या. एकीने मोबाईल वर धरलेला, तो दुसरीने खाली केला.

एवढं बोलून झालं तरी आतलं काही हललं नाही. पण राखण चुकली नाही. ते माझ्या हातात होतं, तेवढं मी केलं.

उठताना माळ्याने हात दिला. मी सहसा कुणाचा हात घेत नाही, घेतला.

"पुढच्या वर्षी याल ना आजोबा?"

"असलो तर येईन. नाहीतर सून येईल. तिला हाच दगड दाखव."

"दाखवतो."

"आणि ट्रकचंही सांग तिला. पहिल्या दिवशीच सांग. मग तिला द्यायचं असेल तर ती देईल, नाहीतर नाही देणार."

तो म्हणाला, सांगतो. तेवढ्यात सेक्रेटरी बाई इलेक्ट्रिशियनला घेऊन आल्या, आणि आम्ही तिघं-चौघं त्या फुटक्या दगडाकडे गेलो.